पाचव्या खुंटीवरचा बॅज

हे मी आजवर कोणाजवळ उघडलेलं नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. माझ्या सगळ्या भानगडी ज्याला ठाऊक आहेत त्या मित्राजवळही नाही. मग तुमच्याजवळ का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — असं लिहिलं होतं, मग खोडलं. का ते मलाही नीट माहीत नाही. राहू द्या.

आधी मी कोण, ते सांगतो. म्हणजे पुढचं कळेल.

मी एकोडीचा. घरी धानाची शेती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. कॉलेज केलं, भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. केली, वर किरणोत्सर्ग सुरक्षेचा डिप्लोमा केला. गेली बरीच वर्षं भंडाऱ्यातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागाचा सुरक्षा अधिकारी आहे. मशीन बरोबर चालते का, भिंतीतून किरण बाहेर झिरपतात का, कोणाच्या अंगावर किती बसले — हे बघणं माझं काम. आई गावात सांगते, ‘पोरगा एक्स-रेचा डॉक्टर आहे.’ मी डॉक्टर नाही. पण आईचं म्हणणं मी कधी दुरुस्तही केलं नाही. लक्षात ठेवा हे.

आमच्याकडे रेडिओलॉजी शिकायला डॉक्टर येतात. एमबीबीएस झालेले, बहुतेक डॉक्टरांचीच पोरं-पोरी. आठवडाभर मला बघूनही न बघितल्यासारखं करणारे. पण त्यांच्या परीक्षेत फिजिक्सचा पेपर असतो, आणि त्या पेपरला हे लोक जाम घाबरतात. मग दर गुरुवारी दुपारी ते माझ्यासमोर वह्या उघडून बसतात. डॉक्टर — माझ्यासमोर — वही उघडून. तुम्ही ज्या घरातून आलात तिथे कदाचित याचं काही वाटणार नाही. मला वाटायचं. अजूनही वाटतं, हीच तर गोम आहे.

आता बॅज. एक्स-रेच्या खोलीत काम करणारा प्रत्येक माणूस छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, एक छोटा बॅज लावतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्यावर नाव आणि नंबर. आत तीन पांढऱ्या चकत्या. त्यांच्यावर जेवढे किरण पडतात ते त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी मी सगळ्यांचे बॅज गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतो, तिकडून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा येतो. बॅज माणसाच्या अंगावर होता, म्हणून बॅजचा आकडा तो माणसाचा आकडा — एवढ्या एका विश्वासावर सगळं चालतं. ड्युटी नसेल तेव्हा बॅज काढून माझ्या खोलीतल्या लाकडी पट्टीवर, आपापल्या खुंटीला अडकवायचा. हा नियम मीच घालून दिला. पाचवी खुंटी वैशालीची.

वैशाली आमच्याकडची टेक्निशियन. चिखल्याची. वडील मँगनीजच्या खाणीत, खाली उतरणारे. तिच्याही घरात शिकलेली तीच पहिली. माझ्यासारखीच, म्हणजे. फरक एवढाच की ती त्याचा गाजावाजा करत नसे. सहा वर्षं झाली होती लग्नाला, मूल नव्हतं, त्यावरून घरात काय काय ऐकावं लागतं ते ती कधीकधी हसत सांगायची. जेवायच्या सुट्टीत ती बॅज खुंटीला लावून बाहेरच्या बाकावर डबा खायची. तो एक तास स्क्रीनिंगची, म्हणजे चालू एक्स-रे पडद्यावर बघायची खोली रिकामी असायची.

म्हणून माझा वर्गही त्याच तासाला असायचा.

त्या गुरुवारी मला पोरांना दाखवायचं होतं की किरण कुठून शिरतात, कातडीवर किती बसतात आणि पाऊल मागे घेतलं की किती कमी होतात. लाखनीहून आणलेली वीस लिटरची पाण्याची कॅन मी टेबलवर आडवी ठेवली. ‘सर, आज पेशंट कोण?’ एकाने विचारलं. मी म्हटलं, ‘श्रीयुत कॅन, मुक्काम लाखनी, पोट फुगलंय म्हणून आलेत.’ हसले सगळे. डॉक्टर लोक माझ्या विनोदावर हसले की मला काय व्हायचं — सांगायलाही लाज वाटते.

मग मला एक बॅज हवा होता. यात दिवा लागत नाही, आवाज येत नाही, तरी हा सगळं साठवतो — हे हातात धरून सांगायचं होतं. माझा स्वतःचा बॅज माझ्या छातीवर होता. काढायला दोन सेकंद लागले असते. पण माझ्या नावापुढे वर्षानुवर्षं शून्य येत होतं, त्या शून्याचा मला अभिमान होता. ते बिघडवायचं कशाला? मी पट्टीकडे गेलो आणि समोर जो दिसला तो काढला. नाव वाचलं. वाचलं नाही असं म्हणणार नाही. पाचवी खुंटी. वाटलं, दहा-वीस सेकंदांचं काय, कुठेतरी मिसळून जाईल.

बॅज मी कॅनच्या खाली ठेवला. आमच्या मशीनची नळी टेबलखाली आहे, किरण खालून शिरतात, आणि शिरतात तिथेच सगळ्यात जास्त बसतात. शास्त्रशुद्ध जागा! मग पॅडल दाबलं. कॅनच्या वर दुसरी कॅन ठेवली — पाणी जाड झालं की चित्र अंधारतं आणि मशीन आपोआप जोर वाढवते, तेही दाखवायचं होतं. एका मुलीने विचारलं, ‘सर, अजून थोडं चालू ठेवू?’ मी म्हटलं, ‘ठेवा ना, कॅन काय रडून राहिली का?’ पुन्हा हसू. किती वेळ चाललं ते? घड्याळ मी पाहिलं नाही. सुरक्षा अधिकारी मी — आणि घड्याळ पाहिलं नाही. बाहेरच्या बाकावर वैशाली भात-वरण खात होती, आणि आत तिचं नाव त्या किरणांत पडलं होतं.

वर्ग संपला. बॅज पुसला, खुंटीला लावला. विसरलो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वैशाली माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. ‘सर, नियम हाय म्हून तुमालेच पयले सांगतो. घरी नवऱ्याशिवाय कोणाले मालूम नाही.’ दिवस राहिले होते तिला. बाई गरोदर असेल तर तिने सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं, तिला किरणांपासून दूरचं काम द्यायचं, असा नियम आहे. मी तिला लगेच रिपोर्टच्या टेबलवर बसवलं. अभिनंदन केलं. मनापासून केलं हो. त्या क्षणी मला कॅन आठवली नाही.

ती आठवली रिपोर्टच्या दिवशी. सगळ्यांची नावं, सगळे आकडे, आणि एका नावापुढे असा आकडा की प्रयोगशाळेने सोबत पत्रच लावलं होतं — कारण कळवा. मी खुर्चीत बसलो होतो. पट्टी समोरच होती. मला क्षणात सगळं कळलं. कळायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं, निदान तेवढा वेळ मी निर्दोष राहिलो असतो.

मी काय करायला हवं होतं? एक वाक्य — ‘वैशाली, तो बॅज तुझ्या अंगावर नव्हता.’ बस. खरं बोलायची हिंमत नव्हती, तर खोटं बोलूनही चाललं असतं — ‘बॅज चुकून आत राहिला असेल’ म्हटलं असतं तरी तिचं सगळं वाचत होतं. पण बॅज आत कसा राहिला, असं कोणीतरी विचारलं असतं. मग गुरुवार निघाला असता. त्या तुकडीतले डॉक्टर तोवर दुसऱ्या हॉस्पिटलांत गेले होते, पण फोन सगळ्यांजवळ असतात. मग विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले असते, ‘हा एम.एस्सी.वाला शेवटी असाच निघाला.’ हे वाक्य कोणी म्हटलेलं नाही. मीच ते स्वतःला ऐकवलं, आणि त्याला भ्यालो.

मी फॉर्म काढला आणि तिला प्रश्न विचारायला बसलो. बॅज कुठे लावत होतीस? ॲप्रन घातला होता का? पेशंटजवळ उभी राहत होतीस का? ती बिचारी आठवू लागली. एक लहान पोरगी घाबरून टेबलावरून उठत होती, तेव्हा तिचे हात धरले होते, म्हणाली. ‘त्यानंच झालं असंन का, सर?’ मी काय म्हटलं? मी म्हटलं, ‘होऊ शकतं.’ आणि लिहिलं: कर्मचाऱ्याने सुरक्षित अंतर पाळले नाही. तिने सही केली. माझ्याच पेनाने.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी त्यात स्वतःची कीव करायला लागेन. तिने तो कागद बायकांच्या डॉक्टरबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, धोका कशाला पत्करायचा, वय आहे अजून. सासूने पहिलंच लेकरू अपंग निघालं तर काय, म्हणून धसका घेतला. नवरा आला मला भेटायला. खाणीचा माल वाहणारा ट्रक चालवतो तो. चपला दाराबाहेर काढून आत आला — माझ्या खोलीत! ‘सायेब,’ म्हणाला, ‘हा आकडा लेकरापर्यंत गेला का जी?’ मी त्याला फिजिक्स सांगितलं. अंतर, ॲप्रन, असले शब्द. त्याला काही कळू नये अशा बेताने सांगितलं. मला सोपं करून सांगता येतं, तेच तर माझं नाव आहे. त्या दिवशी सांगितलं नाही.

शेवटी ती स्वतः आली. उभीच राहिली. ‘सर, डॉक्टरबाई सांगून राहिल्या पाडून टाक. पण मशीनचं तुमाले जेवढं समजते तेवढं त्याइले नाही समजत. तुमी म्हनान तसं करतो मी.’

तुम्ही वाचताय ना? तिने सगळ्या डॉक्टरांच्या वर मला बसवलं होतं. जो मान मिळावा म्हणून मी जन्मभर तडफडलो, तो एकाच माणसाने, पूर्ण, न मागता दिला. आणि मला ठाऊक होतं की बॅज तिच्या अंगावर नव्हता. हेही ठाऊक होतं की तो आकडा खरा धरला तरी पोटातल्या जिवाला तेवढ्याने काही होत नाही — त्याची स्लाइड आहे माझ्याकडे, दरवर्षी शिकवतो.

मी म्हटलं, ‘हे बघ वैशाली, मी डॉक्टर नाही. ते सांगतील तसं कर.’

आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आणि कशासाठी वापरलं बघा.

तिने ते केलं. आठ दिवसांनी कामावर आली, खुंटीवरून बॅज घेतला, छातीवर लावला. त्याला आता पाच वर्षं होतात. पुन्हा दिवस राहिले नाहीत. का, ते मला माहीत नाही, आणि माझ्यामुळे नाही असं म्हणायचा अधिकार मला नाही.

ती अजून आमच्याकडेच आहे. मला अजून ‘सर’ म्हणते. कोणी नवीन आलं की सांगते, ‘आपले सर लय सांभाळून घेतात.’

मागच्या गुरुवारी नवीन तुकडीला बॅज शिकवत होतो. आता मी फक्त चित्र दाखवतो, कॅन आणत नाही. एका मुलाने विचारलं, ‘सर, खरंच कधी कोणाचा आकडा जास्त आलाय?’ मी म्हटलं, ‘आलाय, एकदा. अंतर न पाळल्यामुळे.’ माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की मलाच कळलं नाही. वैशाली मागे प्रिंटरमध्ये कागद भरत होती. ती वळली. त्या पोरांकडे बघून, समजावणीच्या सुरात, मोठ्या बहिणीने बोलावं तसं बोलली — ‘माह्याच हातून झालं होतं जी ते. हलगर्जीपना केला मी. तुमी असं नका करू.’

पोरांनी माना डोलावल्या. एकीने ते वहीत लिहून घेतलं.

मी पुढची स्लाइड लावली.