पिठाचे दोन गोळे

केशोरीच्या बाजारात फुलवंताबाईच्या खिम्याच्या गोळ्यांसाठी मी वीस वर्षं शाळेतून घरी येताना वाट वाकडी करतोय. खिमा मळताना ती त्यात लाखोरीच्या डाळीचं पीठ आणि उकडून ठेचलेला कच्चा फणस घालते, तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. कुणी नाक मुरडलं तर सांगते, "पीठ रस धरते, फणसाचा रेशा गोळ्याले फुटू देत नाही. पटत नसन तं नोको खाऊ." नवरा लवकर गेला. या गोळ्यांवरच तिनं एकुलत्या चंचलला नर्सिंगपर्यंत शिकवलं.

गेल्या फाल्गुनात चंचलला पाहायला मुर्रीहून पाहुणे येणार होते. मुलगा तिच्या मनातला होता. फक्त त्याच्या घरच्यांचा होकार बाकी होता. आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, "माय, उद्या पीठ नोको टाकू. गोंदियाजवळचे लोक आहेत. मिलावट म्हणतीन."

त्या शब्दानं बाईचा चेहरा उतरला. मला पोरीचा असा राग आला की विचारू नका. पण मी पडलो शेजारी, त्यात मास्तर. वाढायचं काम तेवढं अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी निव्वळ खिम्याचे गोळे रश्श्यात पडले आणि अंग चोरून बसले. पिठाची भर नाही, म्हणून जेमतेम पाहुण्यांपुरतेच झाले. मायलेकींची ताटं रिकामी दिसू नयेत म्हणून फुलवंतानं दुसऱ्या पातेल्यात चार गोळे केले, नुसत्या पीठ-फणसाचे, वर तोच रस्सा. वाढायला मी होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारून काम करायची मला सवय नाही. हाताशी आलेल्या पातेल्यातून मी मुलाच्या आजोबांच्या, उदेभानजींच्या ताटात दोन गोळे घातले.

दारात उभ्या फुलवंतानं पदर तोंडाशी नेला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता ही सोयरीक मोडली तर माझ्यामुळे मोडणार होती.

म्हाताऱ्यानं एक गोळा खाल्ला. थांबला. मग दुसरा खाल्ला.

"बाई, यात मटण नाही."

चंचलची मान खाली गेली.

"माह्या हातून चुकलं," फुलवंता म्हणाली. माझं नावही तिनं घेतलं नाही. "ते आमच्यासाठी होते."

"समजलं मले." उदेभानजी म्हणाले. "माही माय असंच करे. आमाले मटणाचे, आपल्याले पिठाचे. रस्सा एकच, आमाले समजू नये म्हणून. समजलं तवा माय नव्हती."

त्यांनी मला मटणाच्या गोळ्यांचं पातेलं आणायला लावलं. शेजारी एक ताट मांडलं आणि आपल्या वाट्याचे दोन्ही गोळे त्यात स्वतः वाढले. पाहुण्यांच्या पंगतीत मुलीच्या आईनं बसायची आमच्याकडे रीत नाही. फुलवंता जागची हलेना.

"बसा बाई. मायले वाढाचं राहूनच गेलं माहं. अन् लग्नात गोळे तुमीच करजा, पीठ टाकून."

ती बसली. रडत होती आणि ते लपवतही नव्हती. चंचल उठून आत गेली, उरलेले पिठाचे दोन गोळे आपल्या ताटात घेऊन आली आणि आईला चिकटून जेवायला बसली.