भाव न पाहणाऱ्या अक्का

शेअर घेऊन आयुष्यात एकदाही ज्यानं त्याचा भाव पाहिलेला नाही, असं माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच असेल, आणि त्यांच्याच राजाजीनगरच्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहते आहे. आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथंच मुरलेलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम-बिडम नको गं, अक्का म्हण. सरी, ठीक आहे?" दुकानांना रवा, डाळी, तांदूळ, भाज्या पुरवणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांच्याकडे आहेत, त्या एकाच कंपनीचे. त्याचा भाव किती वर गेलाय हे मी एकदा मोठ्या उत्साहानं मोबाइलवर दाखवायला गेले, तर त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले. "भाव म्हणजे लोक काय बोलतात ते. मला लाभांश सांग. वर्षभर राबून घरच्यांच्या हातावर काय ठेवलं, तेवढं कळलं की पुरे."

ही कंपनी त्यांनी निवडली ती हजेरीवरून. निवृत्तीनंतर सकाळी हजेरी घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात माल उतरवणाऱ्या या कंपनीच्या टेम्पोचीच हजेरी त्या मांडू लागल्या. तीन महिने, शाळेतल्या एका कोऱ्या हजेरीपटावर. एकही खाडा पडला नाही, तेव्हा कुठे त्यांनी शेअर घेतले. दरवर्षी कंपनीचा अहवाल आला की त्या लाल पेन घेऊन बसतात, स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करतात आणि "प्रगती समाधानकारक, लेखन कच्चे" असा शेरा मारून तो टपालानं परत पाठवतात. माणसंही त्या याच मापानं मोजतात. बनशंकरीला राहणाऱ्या त्यांच्या सख्ख्या भावाबद्दल त्यांचं मत असं, की "सगळा नफा आत ठेवतो, वहिनीला कधी एक गजरा नाही." शेजारच्या आवारातला फणस मात्र आदर्श, कारण तो संचालकांची बैठक न घेता फळं वाटतो. आणि लाभांश जमा झाला की स्वयंपाकघरात होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी; भाडेकरूंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना. कंपनी अन्न पुरवते, तर तिचा पैसाही अन्नातच जायला हवा, हा त्यांचा नियम. त्यामुळे शेअर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, तेसुद्धा आमच्या जिन्यात एकमेकांना विचारतात, "यंदा लाभांश कधी?"

गेल्या वर्षी मात्र कंपनीचं पत्र आलं, की यंदा लाभांश नाही. शहराबाहेर आनेकलला बांधायला घेतलेलं शीतगृह पुरं करण्यासाठी नफा राखून ठेवत आहोत. अक्कांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "पोरं म्हणायची, अभ्यास केलाय, वही घरी राहिली. मी घरी जाऊन बघत असे." वार्षिक सभेत ठणकावून बोलायचं त्यांनी नक्की केलं, भाषणही लिहिलं, पण त्याआधी शनिवारी मला घेऊन त्या आनेकलच्या बसमध्ये बसल्या.

फाटकावरच्या रखवालदारानं कोण हवंय म्हणून विचारलं. "कोणी नको," अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "माझं गोदाम बघायला आलेय." त्याला वाटलं, कोणा संचालकाची आई असावी. तो धावत जाऊन व्यवस्थापकाला घेऊन आला. तो तरुण बिचारा खरं कळल्यावरही हसला आणि त्यानं सगळं दाखवलं. बांधकाम खरंच चाललं होतं. एक खोली सुरूही झाली होती. तिच्यात बीन्सच्या क्रेट्सच्या रांगा होत्या, आणि पदर घट्ट लपेटूनही अक्का कुडकुडत होत्या. बाहेर आलो तर भिंतीलगत भर उन्हात पंधरा-वीस बायका जमिनीवर बसून टोमॅटो निवडत होत्या. अक्का सरळ त्यांच्यात जाऊन बसल्या. एकीनं सांगितलं, पूर्वी दुपारनंतर शेतकऱ्यांना पडेल त्या भावात माल द्यावा लागायचा. आता उद्यापर्यंत थांबता येतं. "आणि तुम्ही? तुम्ही उन्हातच?" अक्कांनी विचारलं. बाई हसली. "टोमॅटो नासतो अक्का, आम्ही कुठे नासतो?"

 परतीच्या वाटेवर अक्का पिशवीतून भाषणाचा कागद काढून म्हणाल्या, "हे स्वल्प बदलायला हवं." ते स्वल्प बदलायला त्यांना चार दिवस लागले.

सभा ऑनलाइन होती. मी लॅपटॉप लावून दिला. अक्का मोरपंखी रेशमी साडी नेसून बसल्या, आणि अध्यक्षांनी नाव पुकारताच ताडकन उठून उभ्या राहिल्या. पडद्यावर नुसत्या निऱ्या! मी खुणेनं "बसा, बसा" करत होते, त्या माझ्यावरच डाफरल्या, "सभेत बसून बोलतात होय?" शेवटी मी लॅपटॉप उचलून उभी राहिले आणि अख्खं भाषण होईपर्यंत तो त्यांच्या तोंडासमोर धरला. त्या म्हणाल्या, "लाभांश ठेवून घ्या, माझी तक्रार नाही. मी जाऊन बघितलंय. पण भाजीला गारवा देण्याआधी ती निवडणाऱ्या बायकांना सावली द्या. त्याही घरच्याच आहेत."  अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं."

सभा संपली तरी अक्का साडी बदलेनात. खिडकीशी बसून राहिल्या. "तीस वर्षं शाळेच्या सभांचा वृत्तांत मी लिहिला," त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं म्हणून. कोण काय बोललं, सगळं लिहिलं. मला कोणी विचारलं नाही गं कधी, तुम्हाला काही बोलायचंय का."

दोन महिन्यांनी व्यवस्थापकाचा फोन आला: पत्र्याची शेड झाली, पाण्याचा नळही आला. ही बातमी मी अक्कांना उड्या मारत सांगितली. तोवर त्यांचे गुडघे इतके दुखू लागले होते, की बसच्या पायऱ्या सोडाच, घरातला उंबराही भिंत धरून ओलांडावा लागत होता.

"बसतात का गं बायका त्याखाली," त्यांनी विचारलं, "की नुसतीच उभी केलीय?"

"विचारते ना फोन करून."

"फोनवर हो म्हणतील." त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवले आणि हळूच चोळले. "बघून यायला हवं."