लाट बघितलेला माणूस

अंबरनाथ पूर्वेला आमच्या समोर राहणारे काका उल्हासनगरच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिश करतात आणि हळदीच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी असते. डाव्या हातातला स्टीलचा तुकडा तारांवरून सरकवला की सूर घसरत जातो. त्यांच्या भिंतीवर जुना फोटो आहे, हवाई बेटावरची माणसं लाकडी फळीवर उभी राहून लाटेवरून येताहेत. "ते फळीवर उभे राहतात, आपण फळी मांडीवर घेतो. दोघांनी घसरायचं, फक्त पडायचं नाय," हे काकांचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय, तरी हसतो.

काकांनी समुद्र चौपाटीवरच्या भेळेपुरता पाहिलेला. गेल्या वर्षी सोसायटीची सहल अलिबागला गेली, तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे राहून, हात पालथा धरून, प्रत्येक लाटेबरोबर तो सरकवत होते. मी जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, "चाळीस वर्षं वाजवताना घाईच केली रे. ही लाट बघ, किती वेळ घेते."

पुढच्या महिन्यात चामटोली गावातल्या हळदीत ते तसंच, लाटेसारखं, वाजवायला लागले. नवरदेवाचा भाऊ ओरडला, "काका, फास्ट घ्या ना, पब्लिक नाचायची थांबली!" काका हसले आणि सूर सावकाशच पुढे नेला. त्यानंतर ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यांना बोलावलं नाही. आता रविवारी गॅलरीत एकटेच वाजवत बसतात.

परवा मी न राहवून म्हटलं, "काका, पुन्हा फास्ट वाजवा, बोलावतील."

"बोलावतील की," ते म्हणाले. "पण आता लाट बघितली ना."