दामू गोळीवाल्याचं ठरलेलं उत्तर

निजामपुऱ्यात दामूला सगळे गोळीवाला म्हणत. मलेरिया खात्याचा माणूस. चौऱ्याण्णव साली कापड विणणाऱ्या लूमच्या गल्ल्यांत घरोघर हिवताप शिरला, तेव्हा दामूची रीत एकच. गोळी समोर गिळायची, मग आ करून जीभ दाखवायची. त्याशिवाय दामू त्या घराचा उंबरा सोडायचा नाही. बाया चेष्टा करत, "दामूदादा, जीभच बघतोस, की जेवायला काय केलं तेही हुंगतोस?"

लोक गोळ्या मोरीत टाकत. कुणाला मळमळ, कुणाला घेरी. दामूचं उत्तर ठरलेलं : "उष्णता निघतेय. गोळी लागू पडली." ह्या एका वाक्याच्या जोरावर त्यानं निम्मी गल्ली बरी केली होती.

त्याच्या शेजारचा राघो लूमवर कामाला. त्यालाही हिवताप निघाला. ताप उलटू नये म्हणून रोज घ्यायची तपकिरी गोळी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी बायको मीराबाई दबकत म्हणाली, "भाऊ, ह्यांची लघवी काळ्या चहावानी व्हते."

"उष्णता हाय, वहिनी. निघू दे."

आतून राघो हसला. "दे रं, तुझी जीभ बघायची हौस फिटू दे." दामूनं त्या दिवसाची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

सकाळी राघोचे डोळे हळदीसारखे आणि नखं चुन्यासारखी. दामू आणि मीराबाई त्याला टेम्पोत घालून ठाण्याच्या इस्पितळाकडे निघाले, तर वाटेत कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग. मीराबाईच्या मांडीवर राघोचं डोकं, आणि दामू खाली उतरून ड्रायव्हरांच्या पाया पडत होता.

डॉक्टर म्हणाले, "एखाद्याच्या रक्ताला ही गोळी सोसत नाही. रक्त फुटतं आणि लघवीतून जातं. लघवी काळी झाली तेव्हाच का नाही थांबवली?"

"म्या सांगितलं व्हतं," मीराबाई दामूकडे न बघता म्हणाली.

दिवेलागणीला राघो गेला.

पुढल्या साली मीराबाईलाच ताप भरला. रक्ततपासणीत तोच हिवताप निघाला, म्हणजे तीच तपकिरी गोळी. दामू दारात बराच वेळ पिशवी चाचपत राहिला. तिनं गोळी गिळली आणि न सांगता जीभ बाहेर काढली.

"जीभ राहू दे, वहिनी. आता लघवीचा रंग सांगायचा. जरा काळपट वाटली, की गोळी बंद."

"सांगितलं तर ऐकशील का, भाऊ?"

दामूनं पिशवी खाली ठेवली. तिनं लघवीचा रंग सांगेपर्यंत तो तिथंच उंबऱ्यावर बसला. त्या दिवशी बाकीच्या गल्लीच्या गोळ्या पिशवीतच राहिल्या.