अभयचं जावळ

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ आलं की आशाबाई दुसऱ्या दिवशी हजर. बाळाला उचलून दारातल्या उन्हात न्यायचं, टोपरं मागं सारायचं, केसांतून बोट फिरवत बघत राहायचं आणि एक अक्षर न बोलता पोर आईच्या मांडीवर परत ठेवायचं, ही त्यांची रीत. गोड आहे, कुणासारखं आहे, असलं काही त्या बोलत नसत. बायकांनी ठरवून टाकलं की हिची नजर वाईट. आशाबाई कोपऱ्यावर दिसल्या की टोपऱ्यांच्या नाड्या आवळल्या जायच्या. मला या बायकांचा संताप यायचा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू याच आशाबाईंच्या घरून यायचे, ते खाताना कुणाला नजर आठवायची नाही.

मी ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि समोरच आशाबाईंचं घर, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य मी सुईत दोरा ओवता ओवता पाहिलंय. त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला जाड हिरवा पडदा होता. थंडीत सगळी गल्ली उन्हाला बसायची, पण तो पडदा दुपारी ओढलेलाच. एकदा मापाचा ब्लाउज आणायला गेले, तर दाराशीच त्यांचा आवाज कानावर आला, "थांब, परदा वढते. खुपतंय ना?" मला वाटलं, त्यांचा मुलगा अतुल आजारी पडून घरी असेल. आत गेले तर खोलीत आशाबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी मला शांतपणे पाणी दिलं. मी मात्र ब्लाउज न घेताच घरी परतले.

आशाबाई कन्नड तालुक्यातल्या, शेतीवाडीच्या घरातल्या. त्यांच्यात मामाची मुलगी करायची जुनी चाल. आशाबाईही आपल्या आत्याच्याच घरी सून म्हणून गेल्या. आत्याच्या मुलाला, आप्पासाहेबांना दिल्या. आप्पासाहेबांना वाळूजच्या कंपनीत काम लागलं तशी दोघं शहरात आली. पुढं आप्पासाहेब गेले, अतुलही वाळूजलाच लागला आणि घरात मायलेक राहिले. आशाबाईंचा धाकटा भाऊ गोकुळ गावाकडं ऊस बघतो. त्याची मुलगी मोनिका इथंच रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला आहे. अतुल आणि मोनिका लहान होते तेव्हापासून दोन्ही घरं त्यांना नवरा-बायको म्हणून चिडवायची. मोठी झाल्यावर ती दोघं चिडेनाशी झाली, यातच काय ते आलं.

त्यामुळे गोकुळ लग्नाचं बोलायला आला तेव्हा नुसती तारीख ठरायची बाकी आहे, असंच सगळे धरून चालले होते. आशाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही सोयरीक करायची नाय," त्या म्हणाल्या.

"आक्का, माझी पोर वंगाळ हाय का?"

आशाबाई कप उचलून आत गेल्या. गोकुळ त्या दिवशी बहिणीच्या घरून न जेवता गेला. अतुलनं आईशी बोलणं टाकलं आणि जमेल तेवढा ओव्हरटाइम मागून घेऊ लागला. मलाही आशाबाईंचा राग आला. चांगल्या जमलेल्या जोडीत ही बाई खडा का टाकते, ते कळेना.

शेवटी मोनिका स्वतःच आली. मी तेव्हा तिथं होते. उठून जायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला ऐकायचंच होतं.

"आत्या, नाय म्हण, मी ऐकून घेईन," मोनिका म्हणाली. "पण कारण सांग."

आशाबाईंनी हिरव्या पडद्याकडं पाहिलं. मग उठल्या, पेटी उघडली आणि तळातून पावडरचा एक जुना डबा काढला. डब्यात फडक्याची पुरचुंडी होती. फडकं सोडलं तर आत लहान मुलाचे केस. चुलीतल्या राखेचा रंग आणि वर चांदीची झाक. असले केस मी आजवर पाहिले नव्हते.

"ह्यो अभय," आशाबाई म्हणाल्या. "अतुलचा मोठा भाऊ."

अतुलला मोठा भाऊ होता हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सासरी त्याचं नाव काढायची बंदी होती आणि अतुलच्या कानावर तर ते कधी पडूच दिलं नाही. अभय असलेच केस घेऊन जन्मला. ऊन दिसलं की डोळे मिटून रडायचा. सदा ताप, सदा गळवं, नुसतं धरलं तरी अंगावर निळे वण. त्याचं जावळ गोकुळ मामाच्या मांडीवर काढलं. जावळ नदीत सोडायचं, पण ते साल दुष्काळाचं, शिवनेच्या पात्रात नुसती वाळू. पाऊस झाल्यावर सोडू म्हणून सासूनं केस बांधून ठेवायला सांगितले. पाऊस आला, पण त्याच्या आधीच पोर गेलं. सगळा गाव म्हणाला, जावळ घरात राहिलं, ते बाधलं.

"मग नंतर का नाय सोडलं?" मोनिकानं विचारलं.

"सोडलं आसतं तर माझ्याजवळ त्याचं काय राह्यलं आसतं? आन् सोडलं नाय म्हणून तो हितंच हाय. दुपारी ऊन आत आलं की कुरकुरतो." दूध उतू गेलं असं सांगावं, तसं त्या सांगत होत्या. "मोने, तो तुझ्या पोटी आला तर? एक डाव त्याला मरताना बघितलंय म्या. पुन्यांदा बघवायचं नाय."

मोनिकाचा चेहरा उतरला, पण तिची नजर केसांवरून हलत नव्हती. "आत्या, यातले थोडे मला दे," ती म्हणाली. आशाबाईंनी डबा छातीशी धरला. शेवटी मीच म्हणाले, "द्या, आशाबाई." त्यांनी चार-दोन केस काढून दिले आणि मोनिका गेल्यावर कितीतरी वेळ उरलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मोनिकाच्या लॅबमधल्या डॉक्टर अमृतांनी ते केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केसांत रंगाचे कण सारखे पसरलेले नव्हते, त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्यांनी आशाबाईंचं आणि अतुलचं रक्त मोठ्या लॅबला पाठवलं, मागून मोनिकाचंही. निकाल आला तेव्हा सगळ्यांना बोलावलं. गोकुळ कन्नडहून आला. आशाबाईंनी मला हाताला धरून नेलं, त्यांना एकटीनं ऐकायची भीती वाटत होती.

डॉक्टर समजावून सांगत होत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. पेशीच्या आत पातळ पडद्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत ते जंतू जिरतात. एका जनुकात बिघाड असला की या पिशव्या एकमेकींत मिसळून मोठाल्या होतात आणि कामाच्या राहत नाहीत. केसांचा रंगही तसल्याच पिशव्यांतून येतो, म्हणून अभयचे केस तसे. प्रत्येकात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तर माणसाला काही होत नाही. आशाबाई आणि आप्पासाहेब एकाच आजाची नातवंडं, दोघांकडे तीच बिघडलेली प्रत, आणि अभयच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या.

"अतुलकडे एक बिघडलेली प्रत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मोनिकाच्या दोन्ही चांगल्या आहेत. यांच्या मुलांना हा आजार होणार नाही."

अतुलनं मोनिकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. गोकुळ टोपी तोंडावर धरून रडायला लागला. "आक्का, मला आजवर वाटायचं, माझ्या मांडीचाच दोष," तो म्हणाला. एवढी वर्षं दोघं भाऊबहीण एकाच पोराच्या मरणाचं ओझं वाहत होते आणि एकमेकांना कधी बोलले नव्हते.

"जावळ ठिवलं म्हणून नाय गेला तो?" आशाबाईंनी विचारलं.

"नाही हो, आई. त्याचा जावळाशी काही संबंध नाही."

"आन् ह्यांच्या पोरांचं केस तसलं व्हायचं नाय."

"नाही. ती भीती मनातून काढून टाका."

"म्हंजे तो आता परत यायचा नाय," आशाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसून नाही म्हणाल्या. अतुल, मोनिका, गोकुळ, सगळे सुटल्यासारखे बोलायला लागले होते. आशाबाई डॉक्टरांच्या टेबलाची कड धरून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पाहून मला उलगडलं. गल्लीतल्या बायकांना वाटायचं ही नजर लावते. मला डबा पाहिल्यापासून वाटत होतं की ही भीतीनं केस तपासते. आम्ही सगळ्याच मूर्ख. आशाबाई आपल्या लेकराला शोधत होत्या. तो परत येऊ नये म्हणून लग्न मोडायला निघालेली ही बाई दर बाळाच्या टोपऱ्याखाली तो आलाय का, ते बघत होती.

पावसाळा सरता सरता गोकुळ त्यांना शिवनेवर घेऊन गेला. पाणी चांगलं वाहत होतं. जावळ सोडून त्या रिकामा डबा घेऊन परत आल्या. हिरवा पडदा आता दिवसभर उघडा असतो, दुपारचं ऊन सरळ आत पलंगापर्यंत येतं, आणि त्या खोलीतून कुणाशी बोलल्याचा आवाज येत नाही. अतुल-मोनिकाच्या लग्नाचे ब्लाउज माझ्याच मशीनवर आहेत.

गेल्या महिन्यात मला नात झाली. आशाबाई आल्या नाहीत. मला राहवेना. सून नको नको म्हणत असताना मी पोरीचं टोपरं काढलं, तिला समोर नेलं आणि आशाबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिचं पाऊल हातात धरलं आणि खिडकीकडं बघत बसल्या.

"केस बघा ना," मी म्हणाले.

"काळंच आसत्याल," आशाबाई म्हणाल्या.