म्हस्कूची कातर

वडगाव रासाईच्या शिवारात म्हस्कू कातर घेऊन मेंढीपाशी बसला, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं हातातलं काम विसरावं! मेंढीच्या अंगाला ओरखडा नाही आणि लोकर कशी, अंगरखा उतरवावा तशी अख्खी उतरायची. असा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

पण यंदा त्याच्या मेव्हण्यानं, संपतनं, भांडगावला हायवेलगत गॅलरीचा दुमजली बंगला बांधला. वास्तुशांतीला जाऊन आल्यापासून म्हस्कूला स्वतःचं पत्र्याचं घर टोचू लागलं. भाकरी तीच, बायकोच्या, गिताबाईच्याच हातची, पण गोड लागेना. शेवटी त्यानं ठरवलं, कातरण उरकलं की कळप विकायचा आणि स्लॅबचं घर बांधायचं. व्यापाऱ्याला कातरणाच्याच दिवशी दुपारी बोलावलंसुद्धा.

"मेंढरं इकून दिसभर काय स्लॅब राखत बसनार व्हय?" गिताबाई एवढंच म्हणाली.

कातरणाला भाऊबंदांनी येऊन हात लावायचा, ही धनगरांची जुनी रीत. संपतही आला. मोटारीतून, कडक इस्त्रीत. आल्या आल्या मातीत फतकल मारून बसला आणि शेजारच्याची कातर मागून घेतली. दुसऱ्याच फटक्याला मेंढीच्या कातडीवर रक्त आलं.

"दाजी, हात गेला की वो माझा!"

"बंगल्यात हात कशाला लागतोय, पाव्हणं? गॅलरीत बसून च्या प्यायचा. सुखात हाय तुमी."

"कशाचं सुख! समोर हौशीरामनं तिसरा मजला चढवलाय. च्या प्यायला बसलं की त्योच डोळ्यांम्होरं. म्हैना झाला, गॅलरीचं दारच उघडलं न्हाई."

म्हस्कूचा हात जागीच थांबला. ज्या गॅलरीपायी तो इतके दिवस झुरत होता, तिला आतून कडी होती! त्याला असं हसू फुटलं, की मेंढ्यासुद्धा बिचकल्या.

मग त्यानं जखमेवर हळद दाबली, तीच मेंढी पुढ्यात ओढली आणि कातर चालवली. करकर, करकर. बाकीच्यांच्या कातरी आपोआप थांबल्या. लोकर एकसंध उतरली. संपतनं ती दोन्ही हातांवर झेलून सगळ्यांना दाखवली, जणू त्यानंच कातरली होती.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन थांबला.

"म्हस्कूआप्पा, भरायची का मेंढरं?"

म्हस्कूनं मान वर केली नाही. पुढची मेंढी गुडघ्यात धरली.

"मेंढरं न्हाई मिळायची. पर आलाच हाय तर बसा. कातरण बगून जावा."