समुद्रात पडलेली घरं

तमिळ किनाऱ्यावरच्या कोवलमच्या अलीकडे मच्छीमारांची एक वस्ती आहे. त्सुनामीनंतर काही महिन्यांनी तिथलं घर न् घर नकाशावर घ्यायचं काम आमच्या पेरुंगुडीच्या कंपनीकडे आलं. नकाशावर जे घर, त्यालाच पक्कं घर बांधून मिळणार होतं. सर्व्हेला मीही गेले होते. अगदी पुढच्या ओळीत एका मासे विकणाऱ्या बाईचं घर होतं. लाटेत त्याची एक भिंत गेली, बाकीचं उभं राहिलं. मी दारात जीपीएस यंत्र धरून उभी असताना तिनं विचारलं, माझं घर नीट घेतलंस ना? माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी हो म्हणाले.

ऑफिसात येऊन बघते तर उपग्रहाच्या चित्रावर ती पुढची ओळ समुद्रात. निळ्या पाण्यात लाल ठिपके. कुठे चुकलं ते शोधायच्या आत दुसऱ्या दिवशी ठिपकेच गायब. आमचे टीम लीडर पुण्याचे. त्यांना विचारलं, तर इंग्रजीतच म्हणाले, "पाण्यातले पॉइंट म्हणजे एरर. क्लीन करून टाकले."

क्लीन म्हणे! समुद्राला जे नेता आलं नाही ते यांनी कॉफी पिता पिता पुसून टाकलं. माझं डोकंच फिरलं.

मूळ फाइल माझ्याकडे होती. सॉफ्टवेअरच्या मदत केंद्राला मी चित्रांसकट सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, प्रोग्राम काढून पुन्हा टाका. टाकला. घरं पाण्यातच. पुन्हा लिहिलं, तर तुमची अडचण सोडवताना आनंद झाला, आता आम्हाला गुण द्या. कसली सोडवली? शेवटी इंटरनेटवरच्या एका मंचावर विचारलं. तिथे पहिल्यानं अक्कल शिकवली, आधी मॅन्युअल वाचून या. दुसऱ्या कुणा अनोळखी माणसानं एकच ओळ लिहिली: यंत्रं कोणत्या डेटमवर लावली होती?

डेटम म्हणजे जागा मोजण्याचा पाया. आमची यंत्रं जुन्या भारतीय नकाशांच्या पायावर लावलेली, आणि उपग्रहाचं चित्र जागतिक पायावर. त्यामुळे सगळी वस्तीच दीडएकशे मीटर पूर्वेला, म्हणजे समुद्राकडे, सरकली होती. मागच्या ओळी किनाऱ्याच्या वाळूवर आल्या, म्हणून कुणाला खटकल्या नाहीत. पुढची बुडाली. मी एक पर्याय बदलला आणि सगळी घरं आपापल्या जागी आली.

धावत जाऊन सरांना दाखवलं. ते म्हणाले, "फाइल सरकारकडे गेलीय. आता उकरून काढू नकोस. पुढच्या टप्प्यात बघू." तोवर घरं बांधून झाली असती, आणि ती बाई तीन भिंतींतच राहिली असती.

चार दिवसांनी नकाशा मंजूर करायला सरकारी अधिकारी बाई आल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर माझ्याकडे झुकले. ऑफिसात ते मराठी बोलत ते फक्त दोन गोष्टींसाठी: दिवाळीचा फराळ, आणि दुसऱ्यांना कळू नये असं काही. "आज गप्प बस," ते म्हणाले. "आपली म्हणून सांगतोय."

आपली? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाले, "सर मला मराठीत सांगताहेत की आपण पुढची ओळ पुसली, हे आज बोलू नकोस." मग माझी फाइल उघडून ती ओळ आधी पाण्यात का दिसत होती ते सांगितलं, आणि खऱ्या जागी पडद्यावर दाखवली. त्या मासेवालीचं घरही.

अधिकारी बाईंनी पडद्यावरची पुढची ओळ बोटानं मोजली. मग त्यांनी सरांना विचारलं, "तुमच्याकडे दिलेल्या बाकीच्या गावांतलेही पाण्यातले पॉइंट असेच काढलेत का?"

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या मराठीत मी पहिल्यांदाच अजिजी ऐकली. "आता काय सांगू गं?"

"खरं ते सांगा, सर," मी म्हणाले. "आणि इंग्रजीत सांगा."